घरोघरी भाकरी

पहिल्या दिवशी आम्हाला वाटलं, हा कोणी भाविक असणार.

आमचे थोरले बंधू कीर्तन करीत. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या मराठी वस्तीतली दोन-तीन देवळं त्यांची ठरलेली होती आणि त्यांच्या मागे पेटी वाजवायला मी. सकाळी शाळेत मास्तर, संध्याकाळी दादांचा पेटीवाला, असा माझा दिवस जाई. महायुद्धाचा काळ होता. साखर मिळत नसे. मिट्टीच्या तेलासाठी, म्हणजे रॉकेलसाठी, बायका बाड्याच्या चौकाजवळच्या दुकानापुढे डबे घेऊन उभ्या असत. चार माणसं बोलत उभी राहिली की पाचवा कोण आला, ते आधी बघून घेतलं जाई. अशा दिवसांत रामाच्या देवळात एक पंचविशीचा माणूस येऊन पुढे, खांबाला टेकून बसू लागला. अंगात कोट, डोक्याला टोपी, मांडीवर वही. दादा बोलायला लागले की त्याची पेन्सिल चालू होई आणि आरतीला थांबे.

"माझं कीर्तन लिहून घेतोय तो," दादा घरी येऊन वहिनींना म्हणाले. चेहरा खुलला होता. इतकी वर्षं ते उभे राहून बोलत होते, पण त्यांचा शब्द कोणी कागदावर उतरवून घ्यावा असं कधी झालं नव्हतं.

वहिनींना ते काही बरं वाटलं नाही. त्या जन्माने ग्वाल्हेरच्याच, बोलणं अस्सल लष्करकडचं, हिंदी वळणाचं. "लिहून राहिलाय तर लिहू दे," त्या म्हणाल्या. "पण मान का नाही वर करत? देवाकडे नाही बघत, तुमच्याकडे नाही बघत. ऐकणारा माणूस असा असतो होय?"

दादा पुण्याकडे राहून कीर्तन शिकले होते. देवळात त्यांचं मराठी पुणेरी असे आणि घरात आमच्यासारखंच 'बसून जा' नि 'पाणी पिऊन घे'. त्यांना दोन्ही यायचं आणि दोन्हींचा अभिमान होता. ते हसून म्हणाले, "अगं, मान वर केली तर लिहिणार कसा?"

मी स्वभावाने वहिनींच्या बाजूचा. दुसऱ्या खेपेला आरतीच्या वेळी तबक फिरवायच्या निमित्ताने मी त्याच्या मागून गेलो आणि वहीत डोकावलो. पान भरलेलं होतं, पण त्यावर एकही अक्षर नव्हतं. नुसत्या रेघा. काही जाड, काही बारीक, काही वाकड्या, मधून एखादा ठिपका. ते बाळबोध नव्हतं, मोडी नव्हतं, उर्दू किंवा इंग्रजीही नव्हतं. दिवसभर मुलांकडून अक्षरं गिरवून घेणारा मी, आणि माझ्या सख्ख्या भावाचं बोलणं माझ्यासमोर पडलेलं असताना मला त्यातलं काही वाचता येईना. आपल्या तोंडावर कोणी परक्या भाषेत आपल्याविषयीच बोलावं, तसं मला झालं.

चौकशी केली तेव्हा पानवाल्याने सांगितलं की तो सरकारी कचेरीतला रिपोर्टर आहे. लोक जमतात तिथे त्याला पाठवतात. कुठेतरी जाऊन शॉर्टहँड शिकून आलाय, माणूस बोलतो त्या वेगाने लिहितो. वर तो आपल्यातलाच निघाला. पूर्वी फौजेबरोबर दक्षिणेतून आलेल्या घरातला, किला गेटजवळ मामाकडे राहणारा. परका असता तर एक वेळ चाललं असतं, असं वहिनी म्हणाल्या. आपल्यातला आहे म्हणजे त्याला सगळं कळतं.

मी दादांना सांगितलं, "आता जरा जपून बोला."

"मी देवाचं सांगतो," दादा म्हणाले. "त्यात जपायचं काय?"

पण ते नुसतं देवाचं सांगत नसत, हे देवळातल्या पोराटोरांनाही ठाऊक होतं.

त्या आठवड्यात त्यांनी गरीब ब्राह्मण आपल्या राजा झालेल्या मित्राला भेटायला जातो, ते आख्यान लावलं होतं. ब्राह्मण राजधानीत पोचतो आणि तिथलं वैभव बघून थक्क होतो. दादा त्या ब्राह्मणाच्या डोळ्यांनी बाजार दाखवू लागले. साखर मागाल तितकी, म्हणाले, आणि चिमटीत काही धरल्यासारखं करून बोटं चाटली. तेल मागाल तितकं, म्हणाले, आणि समईकडे बघून हळूच हात जोडले. लोक हसायला लागले होते. मग दादा थांबले. उपरणं सारखं केलं, एक हात पोटावर ठेवला, वर छताकडे बघितलं आणि अगदी कौतुकाने म्हणाले, "काय सांगावं महाराज या नगरीचं. घरोघरी भाऽकरी."

देऊळ हसून फुटलं. मीही पेटीवर डोकं टेकवून हसलो. हसता हसता माझं लक्ष खांबाकडे गेलं. तो हसत नव्हता. त्याने तेवढ्यात पान उलटलं होतं आणि पेन्सिल चालूच होती.

काही दिवसांनी दादांना कचेरीत बोलावणं आलं. माझ्याही नावाचा निरोप होता. वहिनींनी दादांना नवी टोपी दिली आणि माझ्या कानात म्हणाल्या, "तिथे तुम्हीच बोला. यांना नका बोलू देऊ."

साहेब हिंदी बोलणारे होते, उत्तरेकडचे, सभ्य. त्यांनी आम्हाला खुर्च्या दिल्या. पुढ्यात कागद होता. त्यावर मराठी आणि खाली त्याचं हिंदी. त्यांनी चष्मा लावून हिंदी वाचलं, "'क्या बखान करूँ इस नगरी का. घर-घर भिखारी.' ये आपने कहा?"

दादांनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, नवल होतं. त्यांनी विचारलं, "मराठी कागद बघू का?"

कागदावर स्वच्छ बाळबोध अक्षरात लिहिलं होतं: घरोघरी भिकारी. आणि पुढे कंसात: हशा.

"मी असं म्हणालोच नाही," दादा म्हणाले आणि मग हिंदीत, "मैंने भाकरी कहा साहब. भाकरी यानी रोटी. घर-घर रोटी है, ऐसा कहा."

साहेबांनी कागद पुन्हा बघितला. "रोटी कहा, तो लोग हँसे क्यों?"

"कीर्तन में लोग किसी भी बात पर हँसते हैं."

साहेबांना ते पटल्याचं दिसलं नाही. त्यांनी घंटी वाजवून रिपोर्टरला बोलावलं आणि मूळ वही आणायला सांगितली. तो आला. पहिल्यांदाच मी त्याचा चेहरा समोरून बघितला. सावळा, लांबट, झोप कमी झाल्यासारखे डोळे. त्याने आमच्याकडे बघितलं नाही. वही उघडली, पान काढलं आणि बोट ठेवलं.

"पढ़िए," साहेब म्हणाले.

तो बघत राहिला. मग म्हणाला, "साहब, दोनों पढ़ा जा सकता है."

"दोनों कैसे?"

त्याने समजावून सांगितलं. या लिपीत नुसती व्यंजनं लिहितात. काना, मात्रा, वेलांटी लिहीत बसलं तर बोलणारा पुढे निघून जातो. भ, क, र एवढं लिहिलं की झालं. पहिला स्वर कुठला ते रेघ ओळीच्या वर आहे की खाली, यावरून ओळखायचं. पण घाईत रेघ इकडची तिकडे होते. ही रेघ ओळीला नुसती शिवली आहे. भाकरी म्हटलं तर भाकरी, भिकारी म्हटलं तर भिकारी.

साहेबांनी चष्मा काढला. सरकार पगार देऊन असली लिपी शिकवतं, यावर त्यांचा विश्वास बसत नसावा. "और आपने सुना क्या था?" त्यांनी विचारलं.

रिपोर्टर म्हणाला, "भाकरी."

मग साहेब माझ्याकडे वळले. मी मास्तर आहे, तिथे हजर होतो, हे त्यांना ठाऊक होतं. मी काय ऐकलं ते त्यांनी विचारलं. मी भाकरी म्हणून सांगितलं. अक्षरन् अक्षर खरं होतं. तरी सांगताना माझी जीभ खोटं बोलल्यासारखी जड झाली होती.

"ठीक है," साहेब दादांना म्हणाले. "वही वाक्य बोलिए. जैसे उस दिन बोले थे, वैसे ही."

दादा उठून उभे राहिले. हात शरीराला चिकटवले. आणि ज्या माणसाने उभ्या आयुष्यात एक वाक्य सपाट उच्चारलं नव्हतं, बाजारात भेंडीचा भाव विचारला तरी ज्याच्या बोलण्यात चढउतार असे, तो माणूस माझ्या पहिलीतल्या पोरासारखा एका सुरात म्हणाला, "काय सांगावं महाराज या नगरीचं घरोघरी भाकरी." आणि खाली बसला.

साहेबांनी कागदावरचा शब्द खोडून दुसरा लिहवून घेतला. सुधारलेलं वाक्य वाचलं. "इसमें तो कुछ भी नहीं है," ते म्हणाले. पण दादांवरची नजर काही त्यांनी काढली नाही. "आगे से ज़रा साफ़ बोला कीजिए, महाराज. लिखने में आसानी होती है."

बाहेर आल्यावर दादांनी नवी टोपी काढून काखेत धरली. मग म्हणाले, "वाचलो."

मी म्हटलं, "हो."

"पण लेका, शब्द चुकला त्याचा, आणि अर्थ बरोबर लागला."

आम्ही सुटलो असं आम्हाला वाटलं, तिथून खरा त्रास सुरू झाला. लष्करात बातमी घरोघर गेली होती. कीर्तनकाराला कचेरीत नेलं, आणि दुपारच्या चहाला तो घरी परत आला. ना दंड, ना ताकीद. असं होतं कधी? आत काहीतरी ठरलं असणार. पुढच्या कीर्तनाला गर्दी झाली, पण हशा झाला नाही. दादा थट्टेच्या जागी यायचे आणि लोक एकमेकांकडे बघायचे. पूर्वी ते खांबाजवळच्या माणसाला भीत होते. आता दादांनाच भ्यायला लागले. आमच्या आळीतले एक वकील, दर वेळी पुढे बसणारे, दाराजवळ बसू लागले, आणि मग यायचेच थांबले.

दादांनी ते मनाला लावून घेतलं. ते खरोखरच साफ बोलू लागले. प्रत्येक काना-मात्रा सुटी, प्रत्येक शब्द निवडलेला. मी वर्गात शुद्धलेखन घालतो तसं. ऐकताना मला झोप येई.

माझ्या डोक्यातून मात्र रिपोर्टर जात नव्हता. त्याने भाकरी ऐकलं होतं, असं तोच म्हणाला होता. मग भिकारी का लिहिलं? दादांना अडकवायला? अडकवायचंच होतं तर साहेबांसमोर मागे का फिरला? माझ्या वडिलांची मला आठवण येई. ते दरबारच्या दफ्तरात मोडी लिहीत. मोडीतही ऱ्हस्वदीर्घ बघत नाहीत, शब्द सुटे करत नाहीत. मी लहानपणी अडखळलो की ते म्हणत, अक्षराकडे काय बघतोस, लिहिणाऱ्याला काय म्हणायचंय ते बघ. मी मुलांना शिकवताना उलटं शिकवत होतो. आपली बाळबोध लिपी बोलावं तशी लिहिता येते, लिहिलं तसंच वाचता येतं, असं मी दर वर्षी सांगायचो. त्या वर्षी ते वाक्य माझ्या तोंडून निघेना.

एका रविवारी सकाळी मी टांगा करून किला गेटला गेलो. तो घरी होता. ओटीवर बसून वहीवरून बाळबोधात नक्कल करत होता. मला बघून गडबडला, आत ओरडून चहा सांगितला.

"बसून जा मास्तर," म्हणाला. मग स्वतःच सुधारून, "बसा."

मी नकलेकडे बघत होतो. कुठल्याशा व्यापाऱ्यांच्या सभेतलं भाषण होतं. बोलणारे गृहस्थ माझ्या ओळखीचे होते. तीन शब्द मराठी, दोन हिंदी असं त्यांचं बोलणं. कागदावर ते पुस्तकासारखं शुद्ध मराठी बोलत होते.

"हे असे बोलत नाहीत," मी म्हटलं.

"कोणीच असं बोलत नाही," तो म्हणाला. "जसंच्या तसं लिहिलं तर वर म्हणतात, अडाण्याने लिहिलंय. मग मी सारखं करून देतो."

मी सरळ विचारलं. "मग दादांचं भिकारी हेही सारखं करूनच दिलंत?"

त्याने पेन्सिल खाली ठेवली. उत्तर द्यायला वेळ लावला. मी समजलो, हा आता बनवून सांगणार.

"मास्तर, रेघ ओढली तेव्हा मी भाकरीच ऐकलं होतं," तो म्हणाला. "पण नक्कल करायला बसलो दोन दिवसांनी. तोवर मध्ये तीन सभा झाल्या. आवाज कानात राहत नाही. समोर फक्त रेघ. भाकरी का भिकारी? पुढे मीच लिहिलं होतं, हशा. मी विचार केला, भाकरीला कोण हसतं? म्हणून भिकारी लिहिलं."

मी वहीतल्या रेघांकडे बघितलं.

"चुकीचं लिहिलं का?" त्याने विचारलं. त्याच्या आवाजात थट्टा नव्हती. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"तुम्ही कधी हसत का नाही?" मी उलट विचारलं.

"मी हसलो की हात थांबतो. हात थांबला की दोन वाक्यं गेली. तुम्ही लोक हसता, ते सगळं मी घरी आल्यावर ऐकतो."

चहा पिऊन मी निघालो. त्याचं सगळं खरं मानावं, की त्याने तेवढ्या वेळात रचलं, हे मला टांग्यात ठरवता आलं नाही. आजही पूर्ण ठरलेलं नाही. माणूस समोर बसून बोलला, मी त्याचा चेहरा बघितला, आवाज ऐकला, तरीही.

दादांना मी हे सांगितलं तेव्हा ते जेवत होते. घास हातातच राहिला.

"भाकरीला कोण हसतं, असं म्हणाला?"

"हो."

"म्हणजे त्याला कळलं," दादा म्हणाले. वहिनींनी माझ्याकडे असं बघितलं की मी हे घरात आणायला नको होतं. पण दादा त्या दिवशी भात दुसऱ्यांदा मागून जेवले.

पुढच्या कीर्तनात दादांनी साफ बोलणं सोडलं. त्यांनी एक वेगळीच गोष्ट केली. थट्टेची जागा आली की ते वाक्य अर्धं म्हणायचे आणि थांबायचे. झांजेवर बोट ठेवून नाद दाबायचे आणि लोकांकडे बघायचे. "तेलाची बरणी घेऊन ब्राह्मणी दुकानात गेली, आणि दुकानदार म्हणाला..." पुढे काही नाही. पहिल्यांदा कोणाला कळलं नाही. मग मागून बायकांच्या बाजूने कोणीतरी हळूच वाक्य पुरं केलं, आणि देऊळ पूर्वीसारखं हसलं. खांबाजवळ पेन्सिल थांबली होती. त्याने मान वर केली. दादांचं वाक्य त्याच्याकडे होतं, अर्धं. उरलेलं कोण बोललं ते त्याला दिसलं नव्हतं, आणि ज्याचं नाव नाही त्याचं बोलणं वहीत घ्यायची रीत नव्हती. तो दादांकडे बघत राहिला. हसला की नाही, ते पेटीच्या भात्याआडून मला नीट दिसलं नाही. दादा म्हणायचे, हसला. वहिनी म्हणायच्या, दात आवळले.

पावसाळ्यानंतर तो दिसेनासा झाला. कोणी म्हणालं, त्याला बाहेरच्या एका तहसिलीत नकला करायला बसवलंय. कोणी म्हणालं, त्याने स्वतःच मागून घेतलं. दादांमुळे गेला की आणखी कशामुळे, ते मला शोधता आलं नाही. किला गेटला त्याच्या मामांनी दारातूनच बोलून मला वाटेला लावलं.

त्याच्या जागी एक वयस्क गृहस्थ यायला लागले. त्यांना शॉर्टहँड येत नसे आणि मराठीही बेताचंच. ते भिंतीशी बसून डुलक्या घेत, आरती झाली की प्रसाद मागून घेत आणि जाताना कागदावर काहीतरी खरडत. एकदा मी विचारलं तर त्यांनी मोकळेपणाने दाखवलं. हिंदीत एकच ओळ होती: कीर्तन हुआ, शांति रही.

दादांना हे सांगितलं तर खूश होतील, असं मला वाटलं. ते चिडले. "दोन तास बोललो मी. दोन तास. आणि एवढंच?"

त्यांना पुढे उज्जैन, इंदूरकडून बोलावणी येत राहिली. तिथे देवळं भरत, असं ते सांगत आणि मीही बघितलं. लष्करात मात्र पूर्वीची गर्दी परतली नाही. लोक नमस्कार करत, घरी आले तर चहा घेत, पण दादा खोलीत आले की बोलणं हवापाण्यावर जाई. त्यांच्या मुलीच्या लग्नाला आळीतल्या दोन घरांतून आहेर आला, माणसं आली नाहीत.

त्यातले एक ते वकील. लग्नानंतर ते मला बाड्यावर भेटले, बाजूला घेतलं आणि आवाज खाली करून म्हणाले, "मास्तर, आता इतके दिवस झाले. खरं सांगा, त्या दिवशी आत काय ठरलं?"

मी त्यांना सगळं सांगितलं. रेघ सांगितली, भ, क, र सांगितलं, साहेबांनी खोडलेला शब्द सांगितला, किला गेटला झालेलं बोलणंही सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही न अडवता ऐकून घेतलं. मग मान हलवली, छत्री उघडली आणि म्हणाले, "बरं. सांगायचं नसेल तर राहू दे."